थोड्या पैशांत घराला नवेपण : सोलापूरच्या घरांचा आढावा

दसरा-दिवाळी जवळ आली की सोलापुरातल्या घराघरांत एकच बोलणे निघते : यंदा घराचे काहीतरी करायला हवे. हे ‘काहीतरी’ म्हणजे नेमके काय, ते हातात पैसे किती यावर ठरते. कुणाला एक भिंत रंगवायची असते, कुणाला दिवाणावरची विटलेली चादर बदलायची असते, कुणाच्या मनात शेजारच्या घरी पाहिलेले पीओपीचे छत भरलेले असते. गृहसजावटीवर मराठीत जे छापून येते, त्यातले बरेचसे पुण्या-मुंबईच्या सदनिका डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असते. त्यातला सोफा, त्यातली बाल्कनी, त्यातला रोज येणारा नळ आपल्याकडच्या पुष्कळ घरांत नाही. म्हणून हा आढावा आपल्या शहरातल्या घरांपासूनच सुरू करायला हवा.

सोलापूरचे घर एका नमुन्याचे नाही. जुन्या पेठांत जाड भिंतींचे, धाब्याचे वाडे अजून उभे आहेत. 1877 साली ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी सुरू झाली, पाठोपाठ इतर गिरण्या आल्या आणि त्यांच्याबरोबर एका खोलीच्या चाळी वाढल्या. पूर्व भागात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पुढे माग आणि मागे संसार अशी घरे बांधली. कुंभारीला 2006 साली विडी कामगार महिलांच्या दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचे रे नगर आखले गेले आणि त्यातल्या पंधरा हजार घरांचे लोकार्पण 19 जानेवारी 2024 रोजी झाले. रे नगर ज्या पंतप्रधान आवास योजनेत उभे राहिले, तिच्यात अल्प उत्पन्न गटाच्याही खालच्या, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटाच्या घराला 30 चौरस मीटर चटईक्षेत्राची मर्यादा होती. म्हणजे सुमारे 323 चौरस फूट. आयुष्यभर भाड्याच्या खोलीत काढलेल्या बाईला स्वतःची भिंत मिळाली की ती सजवावीशी वाटणे अगदी साहजिक आहे. ही हौस पुरवण्याजोगी आहे, आणि ती कर्ज न काढता पुरवता येते, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे. अट एकच : कामांचा क्रम चुकता कामा नये.

सर्वांत आधी ऊन. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो आणि तिथेच मुक्काम करतो. सिमेंटच्या स्लॅबखालच्या घरात रात्री अकरा वाजताही भिंतीला हात लावला तर चटका जाणवतो. अशा खोलीत कितीही सुंदर पडदा लावा, तिथे कुणी सुखाने बसणार नाही. त्यामुळे सोलापुरात सजावटीचा पहिला रुपया गच्चीवर खर्च व्हावा. वरच्या मजल्याच्या किंवा बैठ्या घराच्या छताला पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले तर ऊन परावर्तित होते आणि आतली उष्णता काही अंशांनी उतरते. चुना टिकावा म्हणून त्यात थोडा चिकट द्रव मिसळतात. अहमदाबादने 2013 साली उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्याची मोहीम घेतली. शेजारच्या तेलंगणाने 2023 मध्ये थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. ज्या तेलंगणातून आपल्या पूर्व भागातली कितीतरी घराणी आली, तिथला हा धडा आपल्या गच्चीवर यायला हरकत नाही.

दुसरे, पश्चिमेची खिडकी. ऊन काचेतून आत आल्यावर पडद्याने अडवले तर उष्णता खोलीतच राहते. ते बाहेरच अडवले तर खोली निवते. वाळ्याचा किंवा बांबूचा पडदा खिडकीच्या बाहेरच्या अंगाला टांगावा. तेही जमत नसेल तर शेतीच्या दुकानात मिळणारे शेडनेट चौकटीला ताणून बांधावे. आपला जिल्हा डाळिंबाचा, त्यामुळे शेडनेट सगळीकडे ओळखीचे आहे. दिसायला ते फार देखणे नाही हे मान्य. पण आतून हलका कापडी पडदा असला की जाळी नजरेत येत नाही, आणि दुपारी त्या खोलीत मूल अभ्यासाला बसू शकते.

उन्हाइतकीच महत्त्वाची गोष्ट उजेडाची. आपल्या शहरात हजारो घरे ही कामाची ठिकाणेही आहेत. विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन दाराशी बसते, कारण उजेड तिथे असतो. घरी शिलाईकाम करणारीची मशीन खिडकीपाशीच असते. अशा घराच्या सजावटीचा विचार तिच्या बसण्याच्या जागेपासून सुरू व्हायला हवा. त्या कोपऱ्यातली भिंत पांढरी ठेवावी, समोरच्या भिंतीवर दाराकडे तोंड करून आरसा लावावा आणि छताच्या मधोमध असलेल्या एकाच दिव्यावर विसंबण्याऐवजी कामाच्या जागी एक स्वतंत्र एलईडी दिवा घ्यावा. संध्याकाळी हाच कोपरा मुलांच्या अभ्यासाचा होतो. शोभेच्या रंगीत दिव्यांच्या माळांपेक्षा या एका दिव्याने घर अधिक बदलते.

मग पाणी. सोलापूरकराला हे वेगळे सांगायला नको. नळ चार-पाच दिवसांनी येतो, म्हणून प्रत्येक घरात पिंप, टाक्या, कळश्या, बादल्या असतात आणि लहान घरातली निम्मी जागा त्याच खातात. सजावटीच्या कुठल्याही पुस्तकात निळ्या पिंपाचे काय करावे हे लिहिलेले नसते. आपल्याकडे मात्र तोच खरा प्रश्न आहे. सगळे साठवण एका भिंतीशी, एका ओळीत आणावे. पिंपांना घट्ट झाकणे असावीत, कारण उघड्या साठ्यात डेंग्यूचा डास वाढतो. पुढे तारेवर सरकणारा जाड सुती पडदा लावावा. वरच्या रिकाम्या भिंतीवर एक लांब फळी ठोकली की त्यावर डबे आणि पुस्तके जातात. एवढ्या कामाने खोली मोकळी दिसू लागते आणि खर्च फळी, दोन ब्रॅकेट आणि पडद्याच्या तारेचा.

आता भिंती. रंग हा सगळ्यात ठळक बदल आणि पैसे वाया जाण्याची सगळ्यात मोठी जागाही. भिंतीला ओल किंवा लोणा असताना वरून ऑइलपेंट फासला तर वर्षभरात पोपडे निघतात. आधी गळती शोधावी, गिलावा खरवडून वाळू द्यावा, लांबी भरावी, प्रायमर द्यावा आणि मगच रंग. घाईने दिवाळीच्या आठवड्यात उरकलेल्या रंगापेक्षा उन्हाळ्याच्या सुरुवातीला दिलेला रंग जास्त टिकतो. भिंत तेव्हा कोरडी असते.

हिशेब सोपा आहे. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंचीच्या खोलीच्या चारही भिंती मिळून 440 चौरस फूट होतात. दारे-खिडक्या वजा जाता साधारण चारशे. इमल्शनच्या एका लिटरमध्ये दोन हातांसाठी सत्तरएक चौरस फूट भागते असे धरले तर सहा लिटर लागतात. पण समोरची एकच दहा फुटी भिंत रंगवायची म्हटली तर दीड लिटर पुरते. ज्याच्याकडे पैसे कमी आहेत त्याने बाकीच्या तीन भिंतींना स्वच्छ पांढरा डिस्टेंपर द्यावा आणि एका भिंतीला मनासारखा रंग द्यावा. फक्त तो रंग गडद नसावा. गडद रंगाने लहान खोली आणखी आक्रसते.

जुन्या वाड्यांच्या आणि मातीच्या भिंतींसाठी मात्र चुनाच चांगला. चुन्याखाली भिंत श्वास घेते, ओल बाहेर पडते, किडे-बुरशी कमी होते. आपल्या आज्या चुन्यात नीळ आणि डिंक घालत, ते उगीच नव्हे : निळीने पांढरेपणा खुलतो, डिंकाने हाताला चुना लागत नाही. खादी आयोगाने 12 जानेवारी 2021 रोजी शेणापासून केलेला रंग बाजारात आणला, डिस्टेंपर आणि इमल्शन अशा दोन्ही रूपांत. शेणाच्या सारवणात वाढलेल्या आपल्या लोकांना त्यात नवल वाटू नये. जिथे मिळेल तिथे तो वापरून पाहायला हवा.

भिंत सजवायला रंगच लागतो असेही नाही. सेवाग्रामच्या बापूकुटीत गांधीजींच्या शिष्या मीराबेननी मातीच्या गिलाव्यातच ताडाची झाडे आणि चरखा उठावात घडवला. त्याला माती, शेण आणि हात याशिवाय काही लागले नाही. ती खोली पाहायला दुरून लोक येतात, आणि तिची शोभा विकत आणलेल्या वस्तूंची नाही. केरळात स्वस्त घरे बांधणारे लॉरी बेकर गांधीजींच्या या विचाराला आयुष्यभर धरून राहिले की, घराचे साहित्य शक्यतो घराच्या आसपासचेच असावे. हाच विचार सजावटीला लावला तर सोलापूरच्या माणसाने हात कशाकडे न्यावा? कापडाकडे.

या मुद्द्यावर मला थोडे रेंगाळायचे आहे, कारण इथे आपण श्रीमंत आहोत आणि तरी परक्या दुकानात जातो. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना 2005-06 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रात हा मान सर्वांत आधी मिळालेल्या वस्तू त्या. जॅकार्डच्या मागावर विणलेली ही सुती चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते. वरच्या बाजूला जिथे लाल, तिथे खालच्या बाजूला पांढरे किंवा पिवळे. म्हणजे एका चादरीत दोन चादरी. दिवाणावर एका महिन्यात एक बाजू, पुढच्या महिन्यात दुसरी, आणि खोलीचा रंग बदलतो. एवढा स्वस्त फेरबदल मला दुसरा माहीत नाही.

दुःखाची गोष्ट अशी की ‘सोलापुरी’ म्हणून देशभर विकला जाणारा पुष्कळ माल सोलापूरचा नसतो. तो पानिपतसारख्या ठिकाणांहून येतो, त्यात पॉलिएस्टरचे प्रमाण मोठे असते आणि तो वजनाला हलका, दामाला कमी असतो. आपल्याच शहरातल्या गिऱ्हाइकालाही फरक कळत नाही. ओळखायची साधी रीत आहे : कडेचा एक धागा ओढून जाळून पाहा. सूत असेल तर जळक्या कागदाचा वास येतो आणि राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याची गुठळी होते. सुती चादर उन्हाळ्यात घाम टिपते, धुतल्यावर मऊ होते आणि वर्षानुवर्षे टिकते. वीस वर्षे वापरून झाल्यावरही तिची बसकर होते, वाकळीत आत भर म्हणून घालता येते. म्हणून जास्त दाम देऊन घेतलेली खरी चादर शेवटी स्वस्तच पडते.

चादर फक्त अंथरायची, ही समजूत सोडायला हवी. फिकट रंगाची एक चादर भिंतीवर बांबूच्या काठीने टांगली की समोरची रिकामी भिंत भरते. मधोमध कापून दोन लोडांचे अभ्रे होतात. लहान खोलीत झोपायची आणि बसायची जागा वेगळी करायला जाड चादरीचा पडदा लाकडी फळ्यांच्या आडोशापेक्षा बरा. टॉवेलच्या कारखान्यांत विणीत किरकोळ दोष राहिलेला माल वेगळा काढतात. तो मिळाला तर पायपुसणी, हातपुसणी, स्वयंपाकघरातले झाकण, सगळे त्यातून निघते. आपल्याकडे गणवेश शिवणारे कारखाने खूप आहेत आणि कापल्यावर उरलेले तुकडे तिथे ढिगाने असतात. त्यांना जोडून केलेली वाकळ, आपल्यातल्या कन्नड घरांतली कौदी, ही या भागातली मूळची सजावट. ती करणाऱ्या बायका अजून गल्लोगल्ली आहेत. त्यांना काम द्यावे आणि घासाघीस न करता पूर्ण मजुरी द्यावी. एका वाकळीत किती दिवसांची धावदोऱ्याची शिलाई असते, ते शिवणारीलाच ठाऊक.

घरातल्या जुन्या साड्या हे दुसरे भांडार. नऊवारी म्हणजे 27 फूट कापड. चार फूट रुंदीच्या खिडकीला चुण्या नीट पडाव्यात म्हणून दुप्पट, म्हणजे आठ फूट रुंदी लागते. साडीचा पन्हा चार फुटांच्या आसपास असल्याने साडेपाच-सहा फुटांचे दोन पट्टे पुरतात. म्हणजे एका नऊवारीत दोन खिडक्यांचे पडदे होतात. इरकल असेल तर तिचे काठ पडद्याच्या उभ्या कडांना येऊ द्यावेत, पदर उशीला ठेवावा. खणाचे तुकडे देवघराच्या आसनाला आणि तोरणाला जातात. एक सूचना : साडी खूप विरली असेल तर तिचा पडदा करू नये, उन्हात ती दोन महिन्यांत फाटते. आणि गॅसच्या शेगडीशेजारी कुठलाही पडदा नको.

मंगळवेढा-सांगोल्याकडची घोंगडी हीही आपलीच. धनगरांच्या मेंढ्यांच्या लोकरीची, काळी-करडी, खरखरीत. एका खोलीत जमिनीवर घोंगडी अंथरली आणि भिंत पांढरी ठेवली की दुसरे काही करावे लागत नाही. तिला कसर लागू नये म्हणून अधूनमधून कडक ऊन दाखवावे आणि घडीत कडुनिंबाचा पाला ठेवावा.

चित्रांबद्दल. कामकऱ्यांच्या घरात चित्र आले ते छापखान्यामुळे. राजा रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वती थोड्या पैशांत घरोघर पोहोचल्या. काही घरांत त्या चित्रांवर जरी-टिकल्या चिकटवून साडी नेसवली गेली. ती गृहिणीची सजावट होती. सोलापुरात याला विणकरांनी आपले उत्तर दिले : धाग्यांनी विणलेली भिंतचित्रे. देव-देवता, निसर्गदृश्ये, माणसांचे चेहरे हे सगळे मागावर. हातमागावरच्या अशा विणकामाला वेळ फार लागतो आणि कारागीर कमी होत चालले आहेत. लग्नात, वास्तुशांतीला आपण एकमेकांना काचेची घड्याळे आणि प्लास्टिकची फुले देतो. त्याऐवजी चार जणांनी मिळून एक विणलेले भिंतचित्र दिले तर घरही सजेल आणि मागही चालेल.

फर्निचरबाबत थोडक्यात. लोखंडी कपाट गंजले तर फेकू नये. पॉलिश पेपरने घासून, रेड ऑक्साइड लावून, वर एखादा फिका रंग दिला की दहा वर्षे निघतात. लाकडी दिवाण, वाड्यातले जुने फडताळ, चौरंग हे घासून तेलपाणी केले की आजच्या भुशाच्या फळीच्या फर्निचरला मागे टाकतात. त्या फळीला पाणी लागले की ती फुगते, आणि आपल्या घरांत पाणी साठवलेलेच असते. स्वयंपाकघरातली मांडणी मात्र मला मनापासून आवडते. चकचकीत ताटे, वाट्या, पेले, उतरत्या क्रमाने लावलेले डबे. ज्या घरात विकत घेतलेली एकही शोभेची वस्तू नाही, तिथेही मांडणीपुढे माणूस क्षणभर थांबतो. नव्या घरात बंद कपाटांचे ट्रॉलीचे ओटे करण्यासाठी मांडणी भंगारात घालणाऱ्यांनी जरा विचार करावा. उघडी मांडणी स्वच्छ ठेवावी लागते हे खरे, पण तिच्यामागे झुरळे लपत नाहीत.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांची अडचण वेगळी. खिळा ठोकायला घरमालकाची परवानगी नाही, रंगाचा पैसा वाया जाण्याची भीती. त्यांनी सगळा खर्च सोबत नेता येणाऱ्या वस्तूंवर करावा : चादरी, पडदे, एक चांगला दिवा, सुटी मांडणी. भिंतीवर चिकटवायचे चकाकते स्टिकर आणि पीव्हीसीचे पत्रे मला पसंत नाहीत. स्टिकर काढताना रंग निघतो, पत्र्यांमागे ओल दडून राहते आणि आग लागली तर विषारी धूर होतो. पीओपीच्या छताचेही तसेच. आधीच कमी उंचीच्या घरात ते छत आणखी खाली आणते आणि तो पैसा छप्पर पांढरे करण्यात जास्त कामी आला असता.

झाडे हवीत, पण थोडी. पाणी चार दिवसांनी येणाऱ्या गावात वीस कुंड्या म्हणजे भार. तुळस, कोरफड, एखादा मनीप्लांट. भाज्या-तांदूळ धुतलेल्या पाण्यावर एवढी झाडे निघतात.

दारापुढची रांगोळी मात्र आपल्या सगळ्या भाषांची. मराठी घरापुढे ठिपक्यांची, तेलुगू घरापुढे मुग्गू, कन्नड घराचा उंबरा हळदी-कुंकवाने सजलेला. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांच्या वाटेवर रांगोळीच्या पायघड्या पडतात, तेव्हा रस्ताच अंगण होतो. मूठभर पांढऱ्या भुकटीत रोज घराचा दर्शनी भाग नवा होतो. याहून कमी खर्चाची सजावट जगात कुठे असेल असे मला वाटत नाही.

यंदा घरासाठी थोडे पैसे बाजूला काढले असतील तर निम्मे गच्ची, ओल आणि उजेडावर खर्च करा. उरलेल्यात चाटी गल्लीत किंवा थेट एखाद्या कारखान्यात जाऊन एक खरी सुती चादर घ्या. घेताना ती उलटून पाहा, सुताची चौकशी करा आणि ती कुठल्या मागावर विणली गेली हे दुकानदाराला विचारा. गिऱ्हाईक हा प्रश्न विचारू लागले तरच पूर्व भागातले माग चालू राहतील.